शंभर किलो नत्राचा हिशेब

शेणखतावर प्रक्रिया करताना त्यातील नत्र किती वाया जाते, हा प्रश्न वरकरणी कृषिरसायनाच्या विद्यार्थ्याचा वाटतो. तथापि गेल्या काही वर्षांत तो अर्थसंकल्पाचा प्रश्न झाला आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने गोबरधन योजना सुरू केली. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात तिच्याखाली ५०० नवे प्रकल्प आणि एकूण १०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक जाहीर झाली. जून २०२३ मध्ये या प्रकल्पांतून निघणाऱ्या सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपयांचे विपणन साहाय्य मंजूर झाले. सार्वजनिक पैसा इतक्या प्रमाणात एखाद्या वस्तूमागे उभा राहिला की त्या वस्तूत नेमके काय आहे, आणि वाटेत काय नाहीसे होते, हे विचारणे प्रशासनाचे कर्तव्य ठरते.

असा प्रश्न निघाला की लगेच देशोदेशींच्या तुलनेचा तक्ता पुढे येतो. नेदरलँड्समध्ये हानी इतके टक्के, डेन्मार्कमध्ये इतके, अमेरिकेत इतके आणि भारतात इतके. त्यावरून दोनपैकी एक निष्कर्ष काढला जातो. आपण फार मागे आहोत, म्हणून त्यांची यंत्रसामग्री आणावी. किंवा आपण त्यांच्याहून बरे आहोत, म्हणून काहीच करण्याची गरज नाही. माझ्या मते असल्या तक्त्यांतून यांपैकी एकही निष्कर्ष सहसा निघत नाही, कारण त्यातील प्रत्येक आकडा वेगळ्या दारापाशी उभे राहून मोजलेला असतो.

आधी नत्र जाते कसे ते पाहू. गाय जे नत्र बाहेर टाकते, त्यातील साधारण निम्मे शेणात आणि निम्मे मूत्रात असते. शेणातील नत्र सेंद्रिय पदार्थात बांधलेले असल्याने सावकाश सुटते. मूत्रातील नत्र मात्र मुख्यतः युरियाच्या रूपात असते. शेणातील जिवाणूंच्या विकराशी त्याची गाठ पडली की काही तासांत त्याचा अमोनिया होऊ लागतो, आणि ऊन, वारा व अल्कता मिळाली की तो हवेत जातो. जे उरते, त्यातील काही जमिनीत नायट्रेट बनून पाण्याबरोबर झिरपते, काही नायट्रस ऑक्साइड होऊन वातावरणात जाते आणि काही निरुपद्रवी नत्रवायूच्या रूपाने मूळ हवेत परतते. म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटा चार. शेतकऱ्याच्या दृष्टीने चारही तोट्याच्याच. समाजाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक वाटेचे मोल निराळे.

तुलनेतील पहिली अडचण इथेच उभी राहते. चार वाटांच्या नोंदी चार वेगवेगळ्या वह्यांत होतात. युरोपात अमोनियाची नोंद १९९९ च्या गोथेनबर्ग करारान्वये होते. नायट्रेटची नोंद १९९१ च्या युरोपीय नायट्रेट निर्देशान्वये होते, ज्याने संवेदनक्षम क्षेत्रात जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्राची मर्यादा घातली. नायट्रस ऑक्साइड हवामान कराराच्या वहीत जाते. नत्रवायूला पर्यावरणाच्या हिशेबात कोणी विचारत नाही. ज्या देशावर ज्या वहीचे बंधन, त्याच वहीतले आकडे त्याच्याकडे चांगले असतात. भारत गोथेनबर्ग करारात नाही. आपल्या २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत अमोनियाचा समावेश आहे खरा, पण तो हवेतील प्रमाणासाठी. गोठ्यातून किती गेला याचा हिशेब त्यात होत नाही. मग डेन्मार्कचा अमोनियाचा आकडा आणि आपला हवामान अहवालातला आकडा शेजारी मांडून तुलना केली, तर ती दोन देशांची न होता दोन वह्यांची होते.

दुसरी अडचण दाराची. कल्पना करा की दोन गोठे आहेत आणि प्रत्येकात जनावरांनी शंभर किलो नत्र बाहेर टाकले. पहिल्या गोठ्यात जमीन कच्ची. मूत्र मुरून वा उडून ४५ किलो नत्र गेले आणि ५५ किलो उकिरड्यावर पोहोचले. तिथे कंपोस्ट होताना त्याच्या वीस टक्के, म्हणजे ११ किलो गेले. शेतात ४४ किलो पोहोचले. दुसऱ्या गोठ्यात पक्की गटारे आणि बंद टाकी. गोठ्यात १० किलो गेले, टाकीत ९० किलो आले आणि प्रक्रियेत त्याच्या तीस टक्के, म्हणजे २७ किलो गेले. शेतात ६३ किलो पोहोचले. आता ‘प्रक्रियेतील हानी’ या रकान्यात पहिल्या गोठ्यासमोर २० आणि दुसऱ्यासमोर ३० लिहिले जाईल. ज्याने अधिक नत्र वाचवले, तोच तक्त्यात अधिक उधळ्या दिसेल. हे उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यातील दोष काल्पनिक नाही. हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत दुभत्या गाईंच्या खतासाठी जे ठोकळ आकडे दिले होते, त्यांत घट्ट खताच्या साठवणीत एकूण ४० टक्के, उघड्या तळ्यात ७७ टक्के आणि रोजच्या रोज शेतात पसरण्यात अवघी २२ टक्के हानी धरलेली होती. रोज पसरणे इतके काटकसरीचे का दिसते? कारण पसरल्यानंतर शेतात जे उडते, ते मातीच्या दुसऱ्या खात्यात जाते.

तिसरी अडचण टक्केवारीच्या भ्रमाची, आणि तिला आपल्याकडची प्रचारपत्रके हमखास बळी पडतात. समजा एक टन कोरड्या शेणखतात दीड टक्का नत्र आहे, म्हणजे १५ किलो. कंपोस्ट होताना कर्ब जळून वजन निम्मे झाले आणि उरलेल्या ५०० किलोंत नत्र दोन टक्के भरले. पत्रकात लिहिले जाते, ‘प्रक्रियेमुळे नत्राचे प्रमाण वाढले.’ प्रमाण वाढले हे खरे. परंतु १५ किलोंचे १० किलो झाले, हेही तितकेच खरे. बायोगॅसच्या स्लरीचेही असेच आहे. बंद पाचकात नत्र फारसे जात नाही, उलट त्याचा बराच भाग पिकाला चटकन मिळेल अशा अमोनियम रूपात येतो. पण हेच रूप उडून जाण्यासही सर्वांत तयार असते. तीच स्लरी वाहून नेण्याच्या सोयीसाठी उघड्या खड्ड्यात उन्हात वाळवली, की पाचकाने कमावलेले खड्डा गमावतो.

चौथी अडचण भागाकाराची. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेतील आकड्यांनुसार पश्चिम युरोपातील दुभती गाय ६०० किलो वजनाची धरली, तर वर्षाला सुमारे १०५ किलो नत्र बाहेर टाकते. भारतीय उपखंडातील २७५ किलोंची गाय सुमारे ४७ किलो. जनावरामागे पाहिले तर आपली गाय निम्म्याहून कमी उपद्रवी. पण त्याच मार्गदर्शिकेत तिकडच्या गाईचे वार्षिक दूध ६,००० किलो आणि इकडच्या गाईचे ९०० किलो धरले आहे. म्हणजे हजार किलो दुधामागे तिकडे साडेसतरा किलो नत्र आणि इकडे बावन्न. क्रम पूर्ण उलटला. आता हेक्टरी पाहा. नेदरलँड्ससारख्या चिमुकल्या देशात अडतीस लाखांच्या आसपास गुरे आहेत आणि त्यांचे खाद्य मोठ्या प्रमाणावर समुद्रापलीकडून येते. क्रम पुन्हा उलटला. शिवाय आपली गाय भाताचा पेंढा आणि ज्वारीचा कडबा खाते, तिचे गोऱ्हे औत ओढतात, तिच्या शेणावर चूल पेटते. हा सारा भार एकट्या दुधावर टाकणे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यालाही मान्य होणार नाही.

मग तुलना करूच नये काय? अवश्य करावी, पण ती टक्केवारीची न करता हिशेबपद्धतीची करावी. त्या दृष्टीने दोन देश विशेष उद्बोधक आहेत.

नेदरलँड्सने १९९८ मध्ये प्रत्येक शेताची नत्र आणि स्फुरदाची खतावणी सुरू केली. खाद्य आणि खतातून आत किती आले, दूध, मांस आणि विकलेल्या खतातून बाहेर किती गेले, आणि मर्यादेपलीकडे उरलेल्या शिलकीवर आकार. अर्थशास्त्रज्ञाला याहून सुबक योजना सुचणे कठीण. परंतु नायट्रेट निर्देशाला खत घालण्याची प्रत्यक्ष मर्यादा हवी होती, म्हणून २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती अपुरी ठरवली आणि काही काळाने ती गुंडाळली गेली. पुढे २०१५ मध्ये आलेल्या नत्र कार्यक्रमात भविष्यातील कपातीच्या भरवशावर आज परवाने दिले जात. तो २९ मे २०१९ रोजी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने रद्द केला. बांधकामे आणि गोठे यांचे परवाने अडकले, ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरात उतरले, आणि मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांचा नवा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. कागदावरची कपात आणि हवेतली कपात यांतले अंतर वाढत गेले की त्याची वसुली शेवटी राजकारण करते, हा त्यातला धडा.

हे अंतर ओळखण्याची एक साधी युक्तीही त्याच देशात २०१९ मध्ये चर्चेत आली. तेथील सांख्यिकी कार्यालयाने गाईने टाकलेल्या नत्र-स्फुरदाचे गुणोत्तर आणि शेताबाहेर जाणाऱ्या खतातील गुणोत्तर यांची तुलना केली. स्फुरद हवेत उडत नाही. म्हणून वाटेत गुणोत्तर जितके घसरले, तितके नत्र गेले. या साक्षीवरून असे दिसले की गोठ्यांतून जाणारे नत्र अधिकृत हिशेबापेक्षा जास्त आहे आणि ‘कमी उत्सर्जनाचे’ म्हणून बांधलेले महागडे गोठे कागदावर जेवढे सरस, तेवढे प्रत्यक्षात नाहीत. दोन प्रयोगशालेय चाचण्या आणि एक भागाकार, एवढ्या खर्चात जे कळले ते वर्षानुवर्षांच्या प्रमाणपत्रांतून कळले नव्हते.

डेन्मार्कचा मार्ग निराळा. १९८७ च्या जलपर्यावरण आराखड्यापासून तिथे टाक्यांवर आच्छादन, हिवाळ्यात खत घालण्यास बंदी, २००३ पासून स्लरी हवेत उडवून पसरण्यास मनाई, काही ठिकाणी स्लरीत आम्ल मिसळून अमोनिया बांधून ठेवणे, असे उपाय क्रमाने आले. पण त्यांना बळ दिले ते एका हिशेबाने. प्रत्येक शेताला नत्राचा कोटा असतो आणि त्यात जनावरांच्या खतातील नत्र ठरावीक प्रमाणात वळते केले जाते. गाईंच्या स्लरीसाठी हे प्रमाण अनेक वर्षे ७० टक्के होते. म्हणजे शंभर किलो नत्राची स्लरी ज्याच्याकडे आहे, त्याला रासायनिक खताचा कोटा ७० किलोंनी कमी मिळणार. त्याने नत्र उडू दिले तर पीक त्याचेच उपाशी राहील. निरीक्षक नेमण्याऐवजी त्यांनी शेतकऱ्याचा स्वार्थ पहाऱ्यावर बसवला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून २००३ पर्यंत तेथील शेतीतून झिरपणारे नत्र जवळपास निम्म्यावर आले.

आपल्याकडे हा स्वार्थ पहाऱ्यावर बसू शकत नाही, कारण त्याचा पगार फार कमी आहे. युरियाची ४५ किलोंची गोणी करांखेरीज आणि कडुनिंबाच्या लेपाच्या खर्चाखेरीज २४२ रुपयांना मिळते. तीत २०.७ किलो नत्र असते. म्हणजे किलोमागे बारा रुपयांहूनही कमी. याच गोणीचा खरा खर्च २,२०० रुपयांच्या घरात आहे, असे २०२३ मध्ये केंद्र सरकारनेच सांगितले होते. त्या हिशेबाने किलोमागे सुमारे १०६ रुपये. गाईच्या त्या ४७ किलो नत्राची किंमत शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षाला साडेपाचशे रुपये आणि देशाच्या दृष्टीने पाच हजारांच्या आसपास. साडेपाचशे रुपयांसाठी गोठ्याला पक्की गटारे आणि उकिरड्याला छप्पर कोण करील? मूत्र मुरू देणारा शेतकरी अडाणी नाही. त्याच्यापुढे आपण ठेवलेल्या किंमतीप्रमाणे तो अगदी बरोबर वागतो. हीच गोष्ट गोवऱ्यांची. भारतीय उपखंडात खताचा निम्म्याच्या आसपास भाग इंधन म्हणून जळतो, असे ती मार्गदर्शिका धरते. त्यातले नत्र जवळजवळ सगळे जाते. पण ज्या घरात गॅसचे दुसरे सिलिंडर परवडत नाही, तिथे गोवरीला नत्राचा धडा शिकवण्यात अर्थ नाही.

या बाबतीत आपल्याला ज्ञान परदेशातून आणावे लागेल अशीही स्थिती नाही. १८९३ च्या अहवालात व्होल्कर यांनी शेण जळण्याचे कारण सरपणाच्या टंचाईत शोधले होते. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी जी कंपोस्टची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली, तिच्यात गोठ्यातील मूत्र शोषलेली माती हा महत्त्वाचा घटक होता. ज्या निम्म्या नत्राकडे आपण आज पाठ फिरवतो, ते पकडण्याची ही सर्वांत स्वस्त रीत. १९३९ मध्ये बंगळूरला आचार्य यांनी झाकलेल्या खड्ड्याची पद्धत सुचवली, तीही नत्राचा नाश कमी व्हावा म्हणून. गोठ्यात माती वा काडाचे अंथरूण आणि उकिरड्यावर झाकण, या दोन गोष्टींना ना परकीय चलन लागते ना निविदा.

आता टनामागे १,५०० रुपयांच्या साहाय्याकडे वळू. एक टन खतात एक टक्का नत्र असेल तर दहा किलो. म्हणजे सरकार किलो नत्रामागे १५० रुपये देते. दोन टक्के असेल तर वीस किलो. म्हणजे ७५ रुपये. ज्याने नत्र जपले त्याला किलोमागे निम्मे, ज्याने उडू दिले त्याला दुप्पट. किमान दर्जाची अट आहे, पण अटीच्या रेषेवरून वर जाण्याचे बक्षीस काहीच नाही. छत्तीसगडमध्ये २०२० साली सुरू झालेल्या गोधन न्याय योजनेतही शेण किलोला दोन रुपयांनी, म्हणजे वजनावर घेतले जाई. त्या राज्याने जुलै २०२२ पासून गोमूत्र लिटरला चार रुपयांनी घेण्यास सुरुवात केली तेव्हा बरीच थट्टा झाली. नत्राच्या हिशेबात मात्र तो निर्णय शेणखरेदीपेक्षा अधिक मुद्द्याचा होता.

यावर आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. खत म्हणजे केवळ नत्र नव्हे. आपल्या जमिनींना कर्ब हवा आहे. शेणखतातील किलोभर नत्र युरियातल्या किलोभर नत्राइतके लगेच पिकाला मिळत नाही. आणि तीस कोटी गाई-म्हशींच्या देशात, २०१९ च्या पशुगणनेत त्या तेवढ्याच भरल्या, प्रत्येक उकिरड्याचे पृथक्करण कोण करणार? यावर माझे म्हणणे असे की कर्बासाठी वजनावरचा काही भाग जरूर ठेवावा. आणि मोजणी उकिरड्यावर नको, ती अनुदान घेणाऱ्या प्रकल्पाच्या फाटकावर व्हावी. जिथे सरकारी पैसा जातो तिथेच सरकारने मोजावे, हे तत्त्व नवे नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१) यापुढे कोणत्याही सरकारी टिप्पणीत देशोदेशींची तुलना करताना सुरुवात जनावराने टाकलेल्या शंभर किलो नत्रापासून आणि शेवट मातीत पोहोचलेल्या किलोंपाशी व्हावा. मधला कोणताही टक्का एकटा उद्धृत करू नये.

२) सेंद्रिय खताच्या साहाय्याचा किमान अर्धा भाग टिकवलेल्या नत्राच्या किलोवर द्यावा आणि त्याची पडताळणी आवक शेण व विक्रीचे खत यांच्या नत्र-स्फुरद गुणोत्तरावरून करावी. स्फुरदाला खोटे बोलता येत नाही.

३) बायोगॅस प्रकल्पाला मंजुरी देताना पाचकाइतकेच लक्ष स्लरीच्या साठवणीकडे द्यावे. झाकलेली टाकी नसेल तर अनुदानाचा शेवटचा हप्ता थांबवावा.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. दिल्ली, लखनौ वा पाटण्यात राहणाऱ्या मराठी वाचकाला उत्तर हिवाळ्यात श्वासातूनच मिळते. सिंधु-गंगेचे मैदान हे अमोनियाच्या जगातील मोठ्या केंद्रांपैकी एक असल्याचे उपग्रहांनी दाखवले आहे. त्यात युरियाचा वाटा आहे तसा गुरांचाही. हा अमोनिया धुरातल्या आम्लांशी मिळून सूक्ष्म कण बनवतो. लुधियानाच्या डेअरी संकुलांतून बुड्ढा नाल्यात वर्षानुवर्षे गेलेले शेण हे दुसरे उत्तर. आणि आयात वायूपासून, अनुदान देऊन, युरियाच्या रूपाने आपण जे नत्र विकत घेतो ते तिसरे.

२०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत नत्राच्या शाश्वत व्यवस्थापनाचा ठराव भारताने पुढे आणला. त्याच वर्षी कोलंबो येथे २०३० पर्यंत वाया जाणारे नत्र निम्म्यावर आणण्याचे आवाहन झाले. निम्मे कशाचे, हे ठरवण्यासाठी आधी पूर्ण किती ते माहीत असावे लागते. २०३० जवळ आले आहे. तोपर्यंत निदान अनुदानित प्रकल्पांच्या फाटकावर तरी हा जमाखर्च लिहिला जाऊ लागला, तर पुढच्या तुलनेच्या तक्त्यात भारतासमोरच्या रकान्यात परक्या मार्गदर्शिकेतला ठोकळ आकडा न येता आपण मोजलेला आकडा येईल. तो लाजिरवाणा निघाला तरी चालेल. तो आपला असेल आणि सुधारण्याजोगा असेल.